आरोग्यसेवेचे घोडे कुठे पेंड खाते?

"डॉक्टर, आभा कार्ड काढून घेतलंय. आता ऑपरेशन फुकट होईल ना?"

हा प्रश्न गेल्या दोन-तीन वर्षांत इतक्या जणांनी विचारला की त्याचे उत्तर एकदा या सदरातूनच देऊन टाकावे असे ठरवले. उत्तर आहे, नाही. आभा हा १४ अंकी क्रमांक आहे. निरनिराळ्या दवाखान्यांत झालेल्या तपासण्या, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, डिस्चार्ज कार्ड हे सगळे तुमच्या संमतीने एका ठिकाणी पाहता यावे, यासाठी तो दिला जातो. त्यातून एक रुपयाचाही उपचार मिळत नाही. खर्चासाठीचे आयुष्मान कार्ड वेगळे आणि आपल्या राज्यात त्याच्या जोडीने चालणारी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनाही वेगळी. नावे एकासारखी एक, त्यात सगळीकडे आधार कार्ड आणि मोबाईलवर येणारा ओटीपी लागतो. तेव्हा लोकांचा गोंधळ झाला तर त्यात लोकांचा दोष मी मानत नाही.

बरे, आभा ज्या कामासाठी आहे ते तरी होते का? केंद्र सरकारने ही योजना १५ ऑगस्ट २०२० ला जाहीर केली आणि २७ सप्टेंबर २०२१ पासून देशभर लागू केली. कोट्यवधी क्रमांक वाटून झाले. मोठ्या सरकारी रुग्णालयांत मोबाईलने चौकोनी ठिपक्यांचा कोड टिपला की केसपेपरच्या रांगेत कमी वेळ जातो, हा फायदा खरा आहे. पण तालुक्याच्या गावात आमच्यासमोर बसलेल्या मधुमेही माणसाचा क्रमांक घेऊन त्याची मागची साखर पाहायला जावे, तर बहुतेक वेळा आत काहीच नसते. पत्ता तयार झाला, टपाल अजून येत नाही.

सरकारी काम अन् सहा महिने थांब, ही म्हण आपण जमिनीच्या मोजणीसाठी वापरतो. आरोग्य खात्याला ती लावताना जीभ जरा अडखळते, कारण तिथे राबणारी माणसे आपण डोळ्यांनी पाहतो. उपकेंद्रातली नर्सबाई दिवसभर बसून असते असे म्हणण्याची माझी तरी हिंमत नाही. मग इतक्या योजना, इतकी यंत्रे आणि इतके संगणक येऊनही सुधारणा कूर्मगतीने का चालते? घोडे कुठे पेंड खाते?

थोडा मागचा हिशेब पाहू. स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे १९४६ मध्ये, भोर समितीने अहवाल दिला आणि गावोगाव प्राथमिक आरोग्य केंद्रे असावीत असे सांगितले. पहिली केंद्रे १९५२ मध्ये निघाली. पुढे प्रमाण ठरले ते असे: सपाटीच्या भागात ३०,००० लोकांमागे एक आरोग्य केंद्र व ५,००० लोकांमागे एक उपकेंद्र, डोंगरी आणि आदिवासी भागात २०,००० आणि ३,००० मागे. आपली लोकसंख्या वाढली, गावे फुगली, पण नव्या केंद्राला मंजुरी, मंजुरीला इमारत, इमारतीला डॉक्टर आणि डॉक्टरला राहायला खोली या प्रत्येक पायरीवर वर्षे गेली. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात असे म्हटले होते की सरकारचा आरोग्यावरचा खर्च २०२५ पर्यंत देशाच्या उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर न्यायचा. ती मुदत उलटली, उद्दिष्ट गाठले गेले नाही.

संगणकाचे तसे नाही. तो आला आणि येतच राहिला. २००८ मध्ये आरोग्य माहितीचे राष्ट्रीय पोर्टल, २००९ मध्ये गरोदर माता व बालकांच्या नोंदीचे, २०१२ मध्ये क्षयरोगाचे 'निक्षय', २०१६ मध्ये नर्सबाईंच्या टॅबवर 'अनमोल', २०२१ मध्ये साथरोगांसाठी नवे पोर्टल, शिवाय कोविडच्या लसीचे 'कोविन' आणि बाळांच्या लसींचे 'यू-विन'. प्रत्येकाचा हेतू चांगला. पण प्रत्येकाचा पासवर्ड निराळा आणि तीच माहिती पुन्हा पुन्हा भरायची. त्यात जुने रजिस्टर बंद करायला कोणी तयार नाही, कारण तपासणीला येणारे साहेब आधी रजिस्टर मागतात. त्यामुळे नर्सबाई दुपारी वहीत लिहिते आणि संध्याकाळी रेंज मिळेल तिथे, कधी शाळेच्या गच्चीवर, तेच मोबाईलवर भरते. काम हलके व्हावे म्हणून आणलेल्या यंत्राने तिचे काम दुप्पट केले. तो वेळ तिने बाळंतिणीच्या घरी घालवायचा होता.

माहिती वर पाठवण्याला माझी हरकत नाही. वर गेलेल्या माहितीवर खाली काय झाले, एवढेच मी विचारतो.

ज्यांचे वय साठीच्या पुढे आहे त्यांना देवीचा रोग आठवत असेल. चेहऱ्यावर व्रण घेऊन जगणारी माणसे प्रत्येक गावात होती. तो रोग आपल्या देशातून गेला तेव्हा आरोग्य केंद्रात संगणक तर सोडाच, पुष्कळ ठिकाणी टेलिफोनही नव्हता. १९७३ पासून आरोग्य कर्मचारी देवीच्या रोग्याचे चित्र असलेले कार्ड हातात घेऊन घरोघर, बाजारात, शाळेत विचारत फिरले. रोगी दाखवणाऱ्याला बक्षीस ठेवले. रोगी सापडला की त्याला वेगळे ठेवायचे आणि भोवतालच्या सगळ्यांना तातडीने टोचायचे. मे १९७५ नंतर देशात रोगी सापडला नाही, आणि १९७७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी भारत देवीमुक्त झाल्याचे मान्य केले. तिथेही कागदच होते. फरक एवढाच की कागद पोचल्यावर माणूस निघत असे.

आता आजचे उदाहरण घेऊ. आपल्याकडच्या पुष्कळ घरांत दसरा-दिवाळीच्या सुमारास कुलपे लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि ट्रकमध्ये संसार टाकून टोळी कोल्हापूर, सांगलीकडे किंवा थेट कर्नाटकात जाते. कारखाने बंद होऊन पट्टा पडला की मार्च-एप्रिलमध्ये परत. म्हणजे साधारण सहा महिने. क्षयरोगाचा उपचारही सहाच महिन्यांचा आहे. पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन, आणि २०१७ पासून ती रोज घ्यायची असतात, पूर्वीसारखी एक दिवसाआड नव्हे.

एखाद्याला गणपतीच्या सुमारास खोकला सुरू झाला, थुंकी तपासली, टीबी निघाला, औषध चालू झाले असे समजा. दिवाळीपर्यंत खोकला थांबतो, भूक लागते, वजन वाढते. माणसाला वाटते आपण बरे झालो. ट्रक रात्री निघतो. नर्सबाईला सांगायचे राहून जाते किंवा मुद्दाम सांगितले जात नाही, कारण मुकादमाला आजार कळला तर उचल परत मागेल ही भीती. इकडे आरोग्य केंद्राच्या कार्डावर त्याचे नाव 'औषध सोडलेला' या यादीत जाते. तिकडे उसाच्या फडाजवळच्या कोपीत तो दोन आठवड्यांची पट्टी पुरवून पुरवून खातो आणि मग थांबतो. कोपीत त्याच्या अंगाशी झोपणारी त्याची लहान मुले असतात.

उन्हाळ्यात असा माणूस परत येतो तेव्हा बऱ्याचदा आधी आमच्यासारख्या खासगी डॉक्टरकडे येतो. खिशात मळलेली, घडीवर फाटलेली चिठ्ठी असते, नाहीतर तीही नसते. "पांढऱ्या-तांबड्या गोळ्या होत्या," एवढाच इतिहास. अर्धवट औषधाने जंतू मरत नाहीत, निर्ढावतात. मग नेहमीच्या गोळ्या चालत नाहीत. अशा हट्टी क्षयरोगाच्या उपचाराला पूर्वी दीड-दोन वर्षे लागत, त्यात कित्येक महिने इंजेक्शने आणि कोणाकोणाला कायमचा बहिरेपणा. २०२४ मध्ये त्यासाठी सहा महिन्यांची नवी औषधयोजना आपल्या देशात मंजूर झाली, ही फार मोठी गोष्ट आहे. पण ती वेळच आली नसती तर बरे.

आता यातली खरी गंमत, गंमत कसली म्हणा, ती पाहा. या माणसाचे नाव 'निक्षय'वर असते. त्याला क्रमांक असतो. तो दुसऱ्या जिल्ह्यात गेला तर त्याचा उपचार तिकडच्या केंद्राकडे वर्ग करण्याची सोय त्या पोर्टलवर आहे. म्हणजे यंत्र तयार आहे. अडते कुठे? तो कोणत्या गावच्या शिवारात उतरला हे इकडे ठाऊक नसते, आणि तिकडच्या कर्मचाऱ्याला आपल्या हद्दीत कोणत्या फडावर कोणाच्या टोळ्या आल्या याची यादी कोणी देत नाही. ती यादी मुकादमाकडे असते. दोन क्षयरोग पर्यवेक्षकांनी एकमेकांना केलेला एक फोन आणि मुकादमाचा मोबाईल नंबर, एवढ्यावर असे रुग्ण सांभाळले गेलेले मी पाहिले आहेत. हे काम करणारी माणसे आपल्या खात्यात आहेत. पण त्यांच्या त्या फोनसाठी कुठल्याही पोर्टलवर रकाना नाही, त्यामुळे आढावा बैठकीत तो कोणाला दिसत नाही.

थुंकीच्या तपासणीचेही तसेच. सीबीनॅट नावाचे यंत्र सुमारे दोन तासांत टीबी आहे की नाही आणि मुख्य औषधाला जंतू दाद देतात की नाही, हे दोन्ही सांगते. ट्रूनॅट हे तर गोव्याच्या कंपनीचे, बॅटरीवर चालणारे, लहान केंद्रात ठेवता येईल असे. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही त्याला मान्यता दिली. पण नमुना नेणारी गाडी आठवड्यातून ठरल्या दिवशीच जात असेल आणि रिपोर्ट घ्यायला रुग्णाने मजुरी बुडवून पुन्हा यायचे असेल, तर दोन तासांचे यंत्र घेऊन तुम्ही आठवडा वाचवला असे कसे म्हणायचे? आणि औषध? २०२४ च्या मार्चमध्ये क्षयरोगाच्या औषधांची टंचाई झाली तेव्हा केंद्राने राज्यांना पत्र पाठवून काही औषधे तात्पुरती आपापल्या पातळीवर खरेदी करायला सांगितले. पडद्यावर प्रत्येक रुग्णाची नोंद होती, कपाटात गोळ्या नव्हत्या.

एवढे असूनही काहीच झाले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार आपल्या देशात २०१५ मध्ये लाखामागे वर्षाला २३७ नवे क्षयरुग्ण होत. २०२४ मध्ये ते १८७ झाले. २०१२ पासून आम्हा खासगी डॉक्टरांनाही प्रत्येक क्षयरुग्णाची नोंद कळवणे सक्तीचे झाले, त्यामुळे जे रुग्ण सरकारला पूर्वी दिसतच नव्हते ते दिसू लागले. आहारासाठी रुग्णाच्या खात्यात येणारी रक्कम २०१८ मध्ये महिना ५०० रुपये होती, ती नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाली. खाते आधारशी जोडलेले नसले की ती अडकते, हेही खरे. देश २०२५ पर्यंत क्षयरोगमुक्त करायची घोषणा होती, ती मात्र घोषणाच राहिली.

तसेच 'ई-संजीवनी'चे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या या सोयीमुळे उपकेंद्रात बसून पडद्यावर तज्ज्ञ डॉक्टरांचा सल्ला मिळतो. रक्तदाबाच्या म्हाताऱ्या रुग्णाला गोळी बदलून घ्यायला जिल्ह्याच्या गावी जावे लागत नाही. त्या तज्ज्ञाने लिहिलेली गोळी उपकेंद्राच्या कपाटात असली, तर हा फायदा पुरता मिळतो. नसली तर एसटीची वाट पाहणे आलेच.

हे दुखणे आपल्याच देशाचे आहे असेही कोणी समजू नये. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने २००२ मध्ये सगळी रुग्णालये संगणकाने जोडायचा प्रचंड कार्यक्रम हाती घेतला, त्यावर अब्जावधी पौंड घातले आणि २०११ मध्ये तो गुंडाळत असल्याचे जाहीर केले. २०१८ मध्ये मोजदाद झाली तेव्हा तिथल्या रुग्णालयांत जवळजवळ ९,००० फॅक्स यंत्रे चालू असल्याचे निघाले. शेवटी नवी फॅक्स यंत्रे घ्यायलाच बंदी घालावी लागली. आपल्याकडे २३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या एम्स रुग्णालयाच्या संगणकांवर हल्ला झाला आणि देशातल्या एका मोठ्या रुग्णालयात कित्येक दिवस सगळे हाताने लिहावे लागले. त्याच वर्षी आपल्या राज्यातल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत वर्षानुवर्षे चालत आलेली संगणक व्यवस्था बंद पडली आणि तिथेही हाताचे केसपेपर परत आले. जुन्या नोंदी असलेल्या रुग्णांचे काय झाले असेल याची कल्पना करा.

आणि काही सुधारणांना तर संगणक लागतच नव्हता, तरी त्या रेंगाळल्या. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत एक प्रयोग केला. गावातल्याच बायकांना शिकवून, वजनकाटा आणि थर्मामीटर देऊन नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घ्यायला लावली. नवजात बालकांचे मृत्यू साठ टक्क्यांहून अधिक घटले. १९९९ मध्ये हे जगातल्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. देशभरच्या आशाताईंच्या कामात ही गोष्ट आली २०११ मध्ये. बारा वर्षे! आज आशाताई जन्मानंतर ४२ दिवसांत सहा-सात वेळा तुमच्या घरी येते, बाळ तोलते, अंग गार आहे का पाहते, ती त्या प्रयोगाची देणगी आहे. मधल्या बारा वर्षांत जन्मलेल्यांचा हिशेब कुठल्याच पोर्टलवर नाही.

उलट मनात आणले तर किती झटपट होते, हेही आपण पाहिले. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार मोफत झाले, केसपेपरचे पैसे बंद झाले. त्याला एक शासन निर्णय पुरला. त्यानंतर रांगा वाढल्या, रांगेच्या पलीकडचे हात तेवढेच राहिले. हात वाढवायला भरती लागते, भरतीला पैसा लागतो आणि तिथे पुन्हा फाईल फिरू लागते. माझ्या मते घोडे पेंड खाते ते इथे. नवे ॲप काढायला वर्ष पुरते, रिक्त जागा भरायला तेवढ्यात जाहिरातही निघत नाही. म्हणून आपल्याकडे सुधारणा म्हणजे ॲप असे समीकरण झाले आहे.

ते होईल तेव्हा होवो. तोवर आपल्या हातात काय आहे ते सांगतो, कारण हे सदर त्यासाठी आहे.

आभा क्रमांक काढायला हरकत नाही, काढावा. पण तो ऐच्छिक आहे. तो नाही म्हणून कोणी उपचार नाकारत असेल तर वरिष्ठांकडे विचारणा करा. तुमची कागदपत्रे कोणाला दाखवायची याची संमती तुम्हीच द्यायची असते, म्हणून ओटीपी कोणालाही फोनवर सांगू नका, मग तो स्वतःला आरोग्य खात्याचा म्हणवो की बँकेचा. टीबी, एचआयव्ही, गर्भपात, मानसिक आजार या नोंदी खासगी असतात. शिबिरात कोणी घाईघाईने अंगठा घेत असेल तर कशासाठी हे आधी विचारा. त्यात उद्धटपणा काही नाही.

आणि घरात एक प्लास्टिकची फाईल ठेवा. हे मी वीस वर्षे सांगत आलो आहे, संगणक आले तरी सांगणे बदललेले नाही. प्रत्येकाची वेगळी, सर्वांत नवा कागद वर. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत रक्तगट, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, चालू गोळ्यांची नावे, किती मिलिग्रॅम, केव्हापासून. रुग्णालयातून घरी सोडताना डिस्चार्ज कार्ड वाचून घ्या. एका मोठ्या रुग्णालयातून आलेल्या कार्डावर 'आधीचीच औषधे चालू ठेवावीत' एवढेच लिहिलेले मी पाहिले आहे. आधीची औषधे कोणती ते कुठेच नव्हते आणि रुग्णाची जुनी चिठ्ठी त्यांनीच ठेवून घेतली होती. मूळ कागद कुठेही सोडू नका, झेरॉक्स द्या. घरात शिकलेले मूल असेल तर त्याच्याकडून सगळ्या कागदांचे मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. गरोदर बाईचे माता-बाल संरक्षण कार्ड माहेरी जाताना, ऊसतोडीला जाताना तिच्या सोबत गेलेच पाहिजे. ते कपाटात जपून ठेवायची वस्तू नव्हे.

ऊसतोडीला निघणाऱ्या घरांना वेगळे सांगतो. टीबीचे औषध चालू असेल तर ट्रक येण्याआधी आठ दिवस नर्सबाईला किंवा आशाताईला गाठा. कोणत्या कारखान्याच्या भागात जाणार, मुकादमाचे नाव आणि फोन नंबर काय, हे सांगा आणि उपचार तिकडे वर्ग करायला सांगा. निक्षय क्रमांक कार्डावर लिहून घ्या, वाटेत पुरतील एवढ्या गोळ्या मागून घ्या. तिकडे पोचल्यावर जवळच्या सरकारी दवाखान्यात फक्त तो क्रमांक दाखवायचा. कोणी दाद दिली नाही तर १८००-११-६६६६ हा क्षयरोगाचा मोफत फोन आहे. आणि मुकादम मंडळींनाही एक विनंती: टोळीतल्या कोणाला गोळ्या चालू असतील तर उचलीची भाषा काढू नका. औषध नीट घेणाऱ्या रुग्णापासून संसर्गाचा धोका काही आठवड्यांतच झपाट्याने कमी होतो. गोळ्या मध्येच सोडलेल्या माणसाचा धोका अख्ख्या टोळीला असतो, आणि तुमची झोपडीही त्याच फडावर असते.